हॉर्न मी दिला, साहेब

एकाहत्तरच्या मे महिन्यात मी पुण्याला एमटीत, म्हणजे लष्कराच्या वाहतूक विभागात, हवालदार होतो. नव्या ड्रायव्हरांना तयार करून युनिटला पाठवणं हे माझं काम. शेवटची परीक्षा म्हणजे लांब पल्ल्याचा कॉन्व्हॉय, ट्रकांचा ताफा: सातारा, सांगली आणि पुढे जतचा उजाड रस्ता. निम्मी पोरं साताऱ्याकडचीच. घर जवळ आलं म्हणून कोणी मान बाहेर काढायची नाही, असं मी बजावलं होतं. सगळ्यांनी काढली.

त्यात शिपाई सर्जेराव होता. घरचा ऊस, घरचे बैल. स्टिअरिंगवर त्याचा हात असा बसलेला, की मला शिव्या द्यायला जागाच सापडत नसे. याचा रागही यायचा. एवढी एक फेरी नीट झाली की तो पक्का ड्रायव्हर होणार होता.

दुपारी जतच्या अलीकडे सर्जेरावच्या ट्रकसमोर मेंढरं आडवी आली. पावसाच्या तोंडावर धनगर गावाकडे परतत होते. कळपामागे घोडी, तिच्यावर अख्खा संसार बांधलेला आणि बोचक्यांच्या मधोमध तान्हं लेकरू. जतकडचा ड्रायव्हर अशा वेळी इंजिन बंद करून विडी पेटवतो. सर्जेराव ऊसपट्ट्यातला. तिकडे हॉर्न दिला की बैलगाडीवाला कासरा ओढून वाट देतो. त्यानं सवयीनं हॉर्न दिला, तोही लांबलचक.

मेंढरं उलटी फिरून ट्रकखाली घुसली. घोडी उधळली. तिला धरायला धावलेला धनगर, बिराप्पा, ट्रकच्या पुढ्यात आला. सर्जेरावनं करकचून ब्रेक दाबला, तरी बंपरचा दणका बसून बिराप्पाची नडगी मोडली. घोडी लेकरासकट माळावर दिसेनाशी झाली.

मी शेवटच्या गाडीत होतो. वायरलेसवर सांगितलं, "कॉन्व्हॉय हॉल्ट. सिव्हिलियन कॅज्युअल्टी. एक मूल बेपत्ता. ओव्हर."

जीपमधून कॅप्टन साहेबांचा आवाज आला, "रॉजर. जीप माळावर घेतो. आऊट."

बिराप्पाची बायको किंचाळत जीपमागे पळाली. आम्ही त्याच्या पायाला फळ्या बांधल्या. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मला खरंच भीती वाटत होती. बऱ्याच वेळानं जीप परतली. घोडी एका बाभळीखाली उभी सापडली होती. आईनं लेकराला लुगड्याच्या धडप्यानं गच्च बांधलेलं होतं, म्हणून ते पडलं नव्हतं. भोकाड पसरून रडत होतं. इतकं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

मग कॅप्टन साहेबांनी विचारलं, "काय झालं?"

को-ड्रायव्हर कदम सर्जेरावच्या कानाशी पुटपुटला, "गप रं गड्या. घोडी आपनच बुजली म्हन."

खाली पडलेला बिराप्पाही वर्दीकडे बघत म्हणाला, "व्हय सायेब, घोडं लय बुजरं हाय. पोराचा दोष न्हाई."

सर्जेराव सावधानमध्ये उभा राहिला. "न्हाई साहेब. हॉर्न मी दिला. चूक माजी हाय."

मला वाटलं, आता पोराचं ड्रायव्हिंग संपलं.

साहेब बिराप्पाकडे बोट करून म्हणाले, "याला मिरजेला हॉस्पिटलात न्यायचं. गाडी तूच चालवणार."

"साहेब, हात थरथरत्यात."

"मग हळू चालव."

त्यानं हळूच चालवली. मी शेजारी बसलो होतो. खड्डा दिसला की आधी मागे ओरडून सांगायचा, "मामा, धरून बसा." डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि पाय वाचल्याचं सांगितलं, तेव्हा सर्जेराव बाहेर पायरीवर बसून हुंदके देत रडला. मी त्याला गप्प केलं नाही. चौकशी झाली, शिक्षा म्हणून जादा ड्युट्या मिळाल्या, पण ड्रायव्हर म्हणून तो पास झाला. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

त्याच डिसेंबरात, लढाईत, तो जखमी जवानांना घेऊन मागे येत होता. ट्रकशेजारी गोळा फुटला. पोटात कपची घुसलेली असताना त्यानं गाडी लष्करी दवाखान्यापर्यंत आणली, हँडब्रेक ओढला आणि सीटवरच प्राण सोडला.

सुट्टीत मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं विचारलं, "आवं, गाडीतल्या मानसांचं काय झालं?"

"वाचली, आई."

"समदी?"

"व्हय. समदी."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "मग निवांत निजंल त्यो," म्हणाली.