हात सुटण्यापूर्वीचा थांबा

दिगांबर गेल्याचे त्याचे मेहुणे शंकरराव यांनी फोनवर कळवले, तेव्हा मी सौंसरच्या घरी ओसरीत बसून कुठल्याशा कार्यालयाला आणखी एक स्मरणपत्र लिहीत होतो. "वकीलसाहेब, आमचे भाटवे गेले," एवढेच ते म्हणाले. भाटवे म्हणजे बहिणीचे यजमान. पुढच्या दिवसांत पांढुर्ण्याला त्याच्या घरी भेटायला येणारा जवळपास प्रत्येक जण एकच वाक्य बोलून जाई: पुस्तक हातात घ्यायचे राहूनच गेले हो बिचाऱ्याचे! या 'बिचाऱ्या'ला माझी सक्त हरकत आहे आणि ती रीतसर नोंदवावी म्हणूनच हा लेख लिहीत आहे. ज्या एका गोष्टीसाठी तो अखेरचे वर्ष भांडला, ती त्याने जिंकली. जिंकल्याचे स्वतःच्या कानांनी ऐकून तो गेला. अशा माणसाला बिचारा म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

दिगांबर कळंबे पांढुर्ण्याच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवीत असे आणि सुट्टीत विज्ञानकथा लिहीत असे. त्याची सासुरवाडी जाम नदीच्या पलीकडे, सावरगावला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवले जाते आणि त्यावरच्या झेंड्यासाठी दोन्ही काठांवरून गोटे चालतात. ही गोटमार थांबावी म्हणून मी उभ्या आयुष्यात किती अर्ज केले, हे मलाच आता सांगता येणार नाही. दिगांबर मला चिडवी, "तू पत्र लिहून राहिला, ते गोटे मारून राहिले. थांबता कोणालेच येत नाही." असे म्हणणाऱ्या या गृहस्थाने लग्नानंतरच्या पहिल्याच गोटमारीत काठावर उभे राहून कपाळ फोडून घेतले. गोटा शंकररावांचा होता. संध्याकाळी ते गुडघ्यापर्यंत भिजलेल्या धोतरानिशी बहिणीच्या दारात येऊन उभे राहिले. आत यायचे धाडस होईना. मी तेथेच होतो आणि फौजदारी कलमे मोठ्याने मोजत होतो. ते खाली मान घालून म्हणाले, "भाटवे, तुमी दिसले होते मले... पण तवरी हात सुटून गेल्ता." पट्टी बांधलेल्या दिगांबरने त्यांच्याकडे क्षणभर पाहिले आणि बायकोला हाक मारली, "सुमन, कालची पुरणपोळी उरली असन तं आण. हा उपाशी आला." माझी कलमे जागच्या जागी निकाली निघाली.

ते वाक्य मात्र त्याच्या डोक्यात घर करून बसले. तुम्ही दिसलात, पण हात सुटून गेला होता. निवृत्तीनंतर त्याने कादंबरी हाती घेतली, तेव्हा त्या वाक्याचाच त्याने सैनिक केला. परग्रहावरील दोन वसाहती, मध्ये एक कालवा, आणि युद्धात उजवा हात व उजवा डोळा गमावलेला हवालदार सोनबा. सैन्य त्याला यंत्राचा हात आणि यंत्राचा डोळा बसवते, असा हा अर्धा माणूस, अर्धे यंत्र. दर आठवड्याला मी सौंसरहून बसने पांढुर्णा गाठी आणि त्याच्या मागच्या खोलीत आमची खडाजंगी चाले. हाताचे वजन एका अंगाला पडले तर हा चालेल कसा? मग डाव्या कमरेला तेवढाच भार दिला. उन्हात धातू तापला तर खांद्याचे मांस भाजेल. मग मध्ये अस्तर आले. सलाम ठोकताना त्याचेच कपाळ फुटू नये, ही सूचना माझी होती आणि ती मान्य झाली. सोनबावर कोर्टमार्शल होते, त्या प्रकरणातील बचावाचा युक्तिवादही मीच लिहून दिला. आयुष्यात इतका निर्दोष अशील मला कधी मिळाला नव्हता.

पहिल्या आराखड्यात दिगांबरने एक चूक केली. ती आमच्या या दोन काठांवरचाच माणूस करू जाणे. शत्रू ओळखण्यासाठी त्याने त्या डोळ्याला नियम दिला की, नात्यातला चेहरा दिसला तर हात चालणार नाही. मग पलीकडच्या वसाहतीत कोण कोण असेल, हे तो स्वतःच्या अनुभवावरून लिहीत गेला. कोणाची मावशी तिकडे, कोणाची सून इकडची, कोणाच्या साडूचा भाऊ तोफेवर... तिसऱ्या प्रकरणात सोनबा कालव्यावर उभा राहिला आणि त्याला एकही शत्रू सापडेना. युद्ध तेथेच संपले.

"अरे, मग पुढची सगळी प्रकरणं काय जेवणावळीच लिहशीन?" मी विचारले.

तो हसता हसता खोकला. "खरं आहे बे. डोळ्यावर टाकून भागत नाही. डोळ्यानं तं शंकरलेही दिसलं होतं. गडबड हातात आहे."

दोन आठवड्यांनी गेलो तेव्हा टेबलाच्या कडेला एक हात बसवलेला होता. संत्र्याच्या पेटीच्या फळ्यांची बोटे, छत्रीच्या काड्या, सायकलच्या ब्रेकची तार. तो हात फेकीसाठी वर उचलला की बरोबर कानाच्या उंचीला खट्ट करून थांबे. कितीही जोर लावा, पुढे येत नसे. पुढे यायचा तर खांद्यावरची खिट्टी दाबावी लागे आणि ती दिगांबरने अशा जागी ठेवली होती की सोनबाच्या जिवंत, डाव्या हातानेच दाबता यावी. यंत्राने हात उचलावा, पण सोडायचा की नाही, हे माणसाने ठरवावे. मधला थांबा किती? समोर कोण आहे ते दिसायला आणि दिसलेले कळायला जेवढा लागतो, तेवढा. सुमनवहिनी चहा घेऊन आल्या, त्यांनी तो हात एकदा वर करून पाहिला आणि म्हणाल्या, "हे आधी काहून नाही सुचलं तुमाले? कपाळ तरी वाचलं असतं." तशा त्या फार हसल्या, पण पदराचे टोक डोळ्यांपाशी गेलेले मी पाहिले.

कादंबरी लिहून झाली, पण हीच खिट्टी प्रकाशकाला नको होती. पुण्याचे संपादक फोनवर अतिशय सभ्यपणे बोलत, आणि सभ्यपणे बोलणाऱ्या माणसाचा मला अधिक राग येतो. "सर, वाचकाला वेग हवा असतो. ऐन लढाईत हा हात वर करून नुसता उभा राहतो, म्हणजे..."

"म्हणजे तो पाहून राहिला," दिगांबर म्हणाला.

त्यांनी मुखपृष्ठाचा नमुना पाठवला. त्यावरच्या सोनबाच्या हातातून, पाठीतून, गुडघ्यांतूनसुद्धा बंदुकांची नळकांडी निघाली होती. "हा हवालदार होय का दिवाळीतलं फटाक्याचं दुकान?" एवढे बोलून दिगांबरने तो कागद उलटा करून ठेवला. तोपर्यंत त्याची फुफ्फुसे थकली होती. जिना चढणे बंद झाले होते, नंतर लिहिणेही. एक दिवस तो मला म्हणाला, "वकील, खिट्टी काढून पुस्तक येत असन तं माह्यं नाव काढून टाकाले सांग. आन् मी नसलो तरी तू सोडजो नको." आयुष्यभर माझ्या पत्रांची थट्टा करणाऱ्या माणसाने मला पत्र लिहायला सांगितले होते.

मी लिहिले. कॉपीराइट कायद्याच्या सत्तावन्नाव्या कलमाचा आधार घेऊन लिहिले की, कृतीचे स्वामित्व कोणाकडेही असो, लेखकाच्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो आणि त्याच्या मृत्यूने तो संपत नाही. सदर खिट्टी काढल्यास उरणारे पुस्तक श्री. कळंबे यांचे राहणार नाही, असे स्पष्ट बजावले. उत्तर गुळमुळीत आले. मी पुन्हा लिहिले. त्यांनी तडजोड सुचवली, खिट्टी फक्त शेवटच्या प्रकरणात ठेवू. त्या पत्राला मी जे उत्तर दिले, ते माझ्या वकिलीतील सर्वोत्तम लेखन होते, असे मी नम्रपणे नव्हे, तर पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

अखेर मान्यता आली. संहिता जशीच्या तशी, मुखपृष्ठ दिगांबरच्या रेखाटनावरून. ते पत्र खिशात घालून मी पहिल्या बसने निघालो. दिगांबर उशांना टेकून बसला होता, शंकरराव पायाशी. "निकाल वाचतात तसं वाच," तो म्हणाला. मी उभा राहिलो आणि खुल्या न्यायालयात वाचावे तसे वाचले. 'कोणताही बदल न करता' हे शब्द त्याने पुन्हा वाचायला लावले. आणखी एकदा लावले. मग डोळे मिटून म्हणाला, "जिंकलो न बे?"

"खर्चासह," मी म्हणालो.

"मंग पुढच्या गोटमारीवर तुह्यं पत्र जाऊ दे. ह्या वक्ताले मीही सही करतो." एवढे हसलो आम्ही, की सुमनवहिनींनी येऊन दोघांनाही दटावले... ती आमची शेवटची भेट.

पुस्तक आले त्या दिवशी मी, वहिनी आणि शंकरराव त्या मागच्या खोलीत बसलो होतो. मुखपृष्ठावर सोनबा उभा आहे. उजवा हात कानाच्या उंचीला थांबलेला, डावा खिट्टीजवळ, दाबलेला नाही. टेबलावर कागदांवर वजन म्हणून कपाळ फोडणारा तो गोटा होता, जो दिगांबरने लग्नाच्या वर्षापासून जपून ठेवला होता. शंकररावांनी इतक्या वर्षांत त्याला कधी बोट लावले नव्हते. त्या दिवशी त्यांनी तो उचलला, तळहातावर तोलला आणि लाकडी हाताच्या मुठीत ठेवला. मग तो हात हळूहळू वर नेला. कानापाशी खट्ट झाले.

खिट्टी त्यांनी दाबली नाही. "राहू द्या असाच," ते म्हणाले.

वहिनी रोज टेबल पुसतात आणि फडके त्या हाताच्या कडेकडेने फिरवतात. परवा गेलो तेव्हा मी त्याच्या समोरच्या खुर्चीत बसून या वर्षीचे गोटमारीचे पत्र लिहिले. लिहिताना मान वर केली की गोटा नेमका माझ्यावर रोखलेला दिसे, आणि सुटत नसे.