लादीखालचा हुंकार

जवळ या जरा. आणि आधी कानातली ती बोंडं काढा. मी बोलायला लागले की तुम्ही नुसत्या माना डोलवता, मला काय कळत नाही होय? "ताई, प्रोजेक्ट करायचाय, बारीक माइक स्वस्तात कुठे मिळतील?" असं उभ्या उभ्या विचारायचं आणि उत्तर अर्धं ऐकून पळायचं. ही काय रीत झाली? बसा. अर्ध्यात उठायचं नाही.

तर मी कुळगावात एका घरात लादीवर पालथी पडले होते. या वयात. कानाला हेडफोन, हातात आगपेटीएवढा अ‍ॅम्प्लिफायर, आणि समोर सहा लाद्यांवर कणकेचे सहा गोळे. दुपारचे तीन वाजले होते. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडक्या बंद. शेजारी चटईवर सीताबाई बसली होती. ती माझ्याकडे असं बघत होती, की बघू, आता तुलाही ऐकू येतं का.

कसं काय मी तिथे पोहोचले, ते सांगते.

मी शिकलेली नाही. अंबरनाथला एमआयडीसीत टेलिफोन बनवायच्या कंपनीत लागले तेव्हा सोल्डरिंगची गनसुद्धा उलटी धरली होती. बघून बघून शिकले. कंपनी बंद पडली, मग उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये दुरुस्तीचा गाळा टाकला. मिक्सर, रेडिओ, विहारातला लाउडस्पीकर, जे येईल ते. रेश्मा माझ्याकडे मिक्सर घेऊन यायची. गुणी मुलगी. एक दिवस मिक्सर नव्हताच, नुसती आली आणि स्टुलावर बसून राहिली.

"ताई, भिंतीतला आवाज पकडायचं मशीन होईल का? स्वस्तात?"

"कसला आवाज?"

तिने सांगितलं. सीताबाई तिची सासू. मुरबाड रोडच्या गावातली. गाव सोडून मुलाकडे, महेशकडे, तळमजल्याच्या घरात राहायला आली होती. तिला गोष्टी सांगायची सवय. ऐकायला कोणी नसलं तरी दुपारची एकटीच बोलायची. आणि आता म्हणत होती, की मी बोलले की लादीखालून कोणीतरी हुं म्हणतं.

तुम्हाला हुंकार माहीत आहे ना? कोणी गोष्ट सांगत असलं की ऐकणाऱ्याने मध्ये मध्ये 'हुं' म्हणायचं. नाही म्हटलं तर सांगणारा थांबतो. तो हुंकार सीताबाईला जमिनीखालून येत होता.

घरात बाकी कोणाला काही ऐकू यायचं नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची, जाग आली की परत तेच. महेशने कर्जतकडच्या एका संस्थेत बोलून ठेवलं होतं. येत्या सोमवारी तिला तिथे नेऊन सोडायचं.

"तिकडून परत आणतात का गं?" मी विचारलं.

रेश्मा मिक्सरचं एक भांडं उगाच हातात घेऊन फिरवत बसली.

आता कामाचं सांगते. लादीखालचा आवाज कुठून येतो ते शोधायचं तर एक माइक चालत नाही. खोलीभर चार-सहा माइक लावायचे आणि कुठे आवाज मोठा येतो ते बघायचं. हा माइक म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढी पत्र्याची डबी. आत केसाहून पातळ पडदा. आवाजाने तो हलतो आणि वायरीतून बारीकशी वीज येते. ती इतकी बारीक, की अ‍ॅम्प्लिफायरने मोठी केल्याशिवाय कानाला कळत नाही. बस, एवढंच आहे त्यात. लोक त्याचं फार कौतुक करतात.

मी किशनभाईकडे गेले. कॅम्प तीनमध्ये त्याचं इलेक्ट्रॉनिक भंगार. सिंधी माणूस, मला अदी म्हणतो, म्हणजे बहीण. त्याच्याकडे जुन्या घरच्या टेलिफोनचं पोतं पडलं होतं.

"अदी, ये टेलिफोन का तू क्या अचार डालेगी?"

"फोन नको रे. तोंडाकडचा माइक पाहिजे. सहा दे."

"माइक मैं गिन के नहीं बेचता. बोरा उठा, तौल के ले जा."

पोतं नेलं. फोडून सहा चांगले माइक काढले. प्रत्येकाला सिरपच्या बाटलीचं झाकण उलटं बसवलं, आणि झाकण लादीला चिकटवायला कणीक. कणकेने हवा आत-बाहेर होत नाही, आणि लादीही खराब होत नाही. सहाही वायरी एका गोल स्विचवर. स्विच फिरवला की एक नंबर, दोन नंबर, असे एकेक ऐकू येतात.

गुरुवारी महेशची सुट्टी. म्हणून मी लादीवर पालथी.

पहिल्यांदा नुसती हवा ऐकू आली. मग टप. बराच वेळ काही नाही. परत टप. मी म्हटलं, पाइप गळतोय कुठेतरी.

"आता बोल," मी सीताबाईला खूण केली.

ती हळू आवाजात सांगायला लागली. त्यांच्या गावात एक म्हातारी होती, तिची शेळी हरवली, असं काहीतरी. "तं ती शेली सोधत सोधत रानान गेली…"

हुं.

माझ्या मानेवर काटा आला. खोटं कशाला सांगू. जाड आवाज, ओला. माणसाचा म्हणावा तर माणसाचा नाही, पण नाही म्हणायलाही धीर होईना. सीताबाईने एक वाक्य पूर्ण केलं की तो यायचा. अगदी जागेवर. घरच्या लोकांनी कधी दिला नसेल इतका वेळेवर हुंकार.

"आयकलास?" ती म्हणाली. "मना येरी म्हनतान." येरी म्हणजे वेडी.

मी स्विच फिरवला. चार नंबरला आवाज सगळ्यात मोठा. चार नंबर न्हाणीघराच्या भिंतीला लागून होता. मी उठले, गुडघे धरले आणि महेशला छाती पुढे काढून सांगितलं, "भिंतीत आहे. पाइप असणार. फोडा."

त्याने फोडली. छिन्नी-हातोडा घेऊन दोन तास. प्लास्टर गेलं, विटा निघाल्या. आत पाइप होता. कोरडा ठणठणीत. भिंतही कोरडी. काही म्हणजे काही नाही.

महेश सिमेंटच्या धुळीत पांढरा झालेला. तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"ताई, तुम्ही मोठ्या आहात, तुम्हाला काय बोलणार. पण आता मला वाटतं, आईचं ऐकून ऐकून बाकीच्यांनाही ऐकू यायला लागलंय. सोमवारी मी तिला नेतो."

सीताबाई कोपऱ्यात चटईची गुंडाळी करत होती. माझ्याकडे तिने बघितलं नाही. म्हणजे माझ्यामुळे तिचं खरंही खोटं ठरलं.

गाळ्यावर आले आणि सहाही माइक टेबलावर ओळीने मांडले. समोर टिकटिक करणारं गजराचं घड्याळ ठेवलं, प्रत्येकापासून वीतभर. स्विच फिरवला. आणि माझी मीच कपाळावर मारून घेतली. चार नंबरचा माइक बाकीच्यांपेक्षा दुप्पट तिखट होता. घड्याळ तेच, अंतर तेच, आवाज दुप्पट. सहा माइक सहा वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनमधले. कोणी ठार, कोणी अर्धा बहिरा. मी त्यांची तुलना करून भिंत फोडायला लावली होती. कंपनीत आमच्या लाइनवर जुळवल्याशिवाय माइक पुढे जाऊ द्यायचे नाहीत. चुकलं तर सुपरवायझर बाई सगळ्यांसमोर खरडपट्टी काढायची. हे सगळं मला माहीत होतं. घाई केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत किशनभाई.

"एकाच पेटीतले पाहिजेत. एकाच लॉटचे."

तो हसला. "अदी, तू रिश्ता जोड रही है क्या, जो एक ही खानदान का चाहिए?"

पण त्याने मागून एक खोका ओढला. मोबाइलचे वायरवाले हँड्सफ्री. कंपनीने परत केलेला माल. वायर कच्ची, दोन दिवसांत तुटते, म्हणून कोणी घेत नाही. पण वायरीवर बटणाची जी छोटी डबी असते ना, तिच्यात माइक असतो. मेथीच्या दाण्याहून थोडा मोठा. आणि सगळे एका लॉटचे. ऐकताय ना? हीच ती जागा, जी तुम्हाला हवी होती. नवीन मागवू नका, मोडक्या हँड्सफ्रीचा खोका शोधा.

चाळीस कापले. सोल्डरिंगची गन माइकला 'एक' म्हणेपर्यंतच लावायची, जास्त लावली की आतला पडदा जळतो. घड्याळासमोर ठेवून एकेक माइक मीटर लावून तपासला. सारखे निघालेले सहा घेतले.

रविवारी मी न विचारता गेले. महेश दारातच.

"पंधरा मिनिटं," तो म्हणाला. आत बॅग भरलेली दिसत होती. वरच सीताबाईचं लुगडं.

पुन्हा कणीक, पुन्हा सहा लाद्या. सगळं बंद केलं. सीताबाई बोलायला तयार होईना. रेश्माने तिचा हात धरला. "आई, शेळीचं राहिलं होतं."

ती सांगायला लागली आणि मी स्विच फिरवला. चार नंबर, भिंतीकडचा, आता नुसता कुजबुजत होता. एक बारीक. सहा बारीक. तीन नंबरला हेडफोन कानावर आदळला.

तीन नंबर खोलीच्या मधोमध होता. सीताबाईच्या चटईखाली. घरातले सगळे पलंगावर झोपायचे, ती एकटी खाली लादीला कान लावून. तिलाच ऐकू येणार ना.

मी हेडफोन काढून महेशच्या डोक्यावर चढवला. तो आईकडे बघत होता. सीताबाई म्हणाली, "…आनि शेली काय सापरली नाय."

महेशचा चेहरा उतरला.  आपोआप त्याने एक पाय त्या लादीवरून मागे घेतला.

मग आम्ही सगळे गप्प झालो. कोणीच बोलत नव्हतं. महेशने हेडफोन तसाच दाबून धरला होता. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "आता कोण बोललं?"

कोणी बोललं नव्हतं. मी माझ्या कामाच्या वहीत तेवढंच लिहून ठेवलंय.

शेजाऱ्याचं ड्रिल मशीन आणलं. लादी उचलली, खाली काँक्रीट. महेशने ड्रिल लावलं. ते चाललं, चाललं, आणि एकदम मुठीपर्यंत आत गेलं. खाली काही नव्हतंच. त्याने ड्रिल ओढून काढलं तर भोकातून गार हवा वर आली. जुन्या माठाच्या तळाचा वास येतो ना, तसा वास.

मी एक माइक लांब वायरीला बांधला आणि भोकातून खाली सोडला. वायर जातच राहिली. हात, दोन हात, चार हात. हेडफोन माझ्या कानावर. खालून मला काय ऐकू आलं माहीत आहे? आम्ही. रेश्माच्या बांगड्या. महेशचा श्वास. सीताबाई म्हणाली, "कोन हाय?" आणि ते मला वरून एका कानाने ऐकू आलं आणि खालून हेडफोनमध्ये, खोल, गोल फिरत. इतके दिवस खाली असतं कोणी, तर त्याला हे घर असंच ऐकू आलं असतं. मी वायर भराभर ओढून घेतली.

मागच्या आळीतले नाना, कुळगावचे जुने, आवाजाने आले. भोकात बघून खाली बसले.

"अरे, ही तर पाटलांची विहीर. इथे होती होय?"

"बुजवली नाही?" महेश.

"बुजवायची नाही म्हणून आम्हीच सांगितलं होतं बिल्डरला. विहीर बुजवली की घराण्याला लागतं. तो म्हणाला, नाही बुजवत."

नाही बुजवली. शब्दाला जागला. वर पातळ स्लॅब टाकला आणि त्यावर घर विकलं. रिकामी विहीर म्हणजे मोठा रांजण. रांजणात तोंड घालून बोला, तोही हुं म्हणतो. भिंतीकडच्या लाद्यांच्या फटीतून सीताबाईचा आवाज खाली जायचा आणि घुमून वर यायचा. टप टप होती ती विहिरीच्या झऱ्याची. इंजिनीअर आला, त्याने भोकात टॉर्च मारला. स्लॅबच्या सळ्या गंजून सुतासारख्या झाल्या होत्या. घरातलं लोखंडी कपाट विहिरीच्याच वर उभं होतं. तो म्हणाला, आधी माणसं बाहेर काढा, कपाट नंतर.

त्याच संध्याकाळी ते भरलेली बॅग घेऊन निघाले, पण कर्जतला नाही. सगळे मिळून, दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या खोलीत. गोळ्या डॉक्टरांनी स्वतःच बंद केल्या. महेशने संस्थेला फोन करून नाही म्हणून कळवलं. आईची माफी वगैरे मागितली नाही त्याने. पलंग विकला आणि स्वतःही खाली चटईवर झोपायला लागला.

परवा सीताबाईकडे गेले होते. दुसऱ्या मजल्यावरची खोली, उजेड आहे, वारा आहे. मी म्हटलं, काय, बरं वाटतं ना आता?

"हितं कोन हुं म्हनत नाय," ती म्हणाली.

मग मी बसले. तिने शेळीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली आणि मी प्रत्येक वाक्याला हुं म्हटलं. माझं पहिलं हुं ऐकून ती थोडा वेळ लादीकडे बघत राहिली.

धडा विचाराल तर एवढाच. माइक आधी एकमेकांशी जुळवून घ्या, मग भिंत फोडा. आणि माणसाला खोटं ठरवण्याआधी तो झोपतो कुठे ते बघा.

बाकी तुमचे माइक मी काढून ठेवलेत. त्या खोक्यातले चौतीस उरलेत. पण न्यायला तुम्ही स्वतः यायचं, कोणाच्या हाती मागवायचे नाहीत. दुपारी मी गाळ्यावरच असते. या लवकर. हात हल्ली थरथरतो, आणि सोल्डरिंग शिकवायला हातच लागतो.