पाठ जपणारा माणूस

नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की असा माणूस एकटाच आहे असं वाटतं, आणि पनवेलमध्ये असे पुष्कळ आहेत.

रोडपालीत या गृहस्थांच्या इमारतीचं काम चालू आहे. तिथे मजूर बायका डोक्यावर विटा घेऊन जिने चढतात. त्यातल्या एकीची पाठ अशी धरली, की तिला ताठ उभं राहता येत नाही. विटा वर न्यायला यंत्र लावा, एवढंच सांगायला मी त्यांच्या जिममध्ये गेले. हातात आमच्या मजूर संघटनेचं पत्रक होतं, ओझं कसं उचलावं त्याच्या चित्राचं.

ते ट्रेनरपुढे वजन उचलत होते. मधूनमधून कंबर चाचपायचे, खिशातलं पाकीट चाचपावं तशी. पुढच्या आठवड्यात नाशिककडे जायचं होतं.

"द्राक्षमळे, वाईन, गोल्फ! पाठ दुखली तं सगली ट्रिप वाया, पोरी."

"आणि काका, त्या बाईची पाठ?"

"त्यांना सवय हाय. आमच्या आयनं मिठागरात टोपल्या वायल्या. ती गेलती का जिमला?"

"आता कशा आहेत तुमच्या आई?"

ते टॉवेलने मान पुसत राहिले. "पार वाकलीय. जमिनीकडं बघून चालते."

आता विरघळतील, असं मला खरंच वाटलं. मी पत्रक पुढे केलं, ते त्यांच्या हातून निसटलं. त्यांनी गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली, आणि अगदी चित्रातल्यासारखं ते उचलून मला परत दिलं.

"ट्रिपवरून आलो का मंग बघू," म्हणाले.