नसीमबाजींची पळणारी गाडी

माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी नसीमबाजी त्याच्या गाडीचा आवाज ऐकत. खोली बघायला मी पहिल्यांदा त्यांच्या अंगणात शिरले, तेव्हा मोपेड बंद करायला हात नेला, तर त्यांनी तो हात धरला. "चालू राहू दे," म्हणाल्या आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कार्ब्युरेटर कधी साफ केला नाई. नाव काय तुझं?"

मी नाव सांगितलं, आडनावासकट. त्या आठवड्यात चंद्रपुरात माझं आडनाव ऐकल्यावर दोन घरमालकांना अचानक आपला भाचा राहायला येणार असल्याचं आठवलं होतं. नसीमबाजींना काहीच आठवलं नाही. "मास्तरीण आहेस? ठीक. आवाजाची तक्रार चालणार नाई. अंगणात माझी गाडी राहणार."

"कोणती गाडी?"

"अजून भेटली नाई," त्या म्हणाल्या.

त्यानंतर कित्येक वर्षं मी त्या घरात वरच्या खोलीत राहिले आणि आमचं एक दिवस पटलं नाही. माझ्या फोडणीच्या वासानं त्यांना ठसका लागे. माझा भाऊ भेटायला आला की त्या पाण्याची मोटार बंद करत. मी जिना झाडला तर "धूळ माझ्या अंगणात ढकलून राह्यली", नाही झाडला तर "मास्तरीण शिकवते काय पोरायले, घाण?" मी दोनदा खोली सोडायची धमकी दिली. दोन्ही वेळा त्यांनी माझी ट्रंक स्वतः जिन्याखाली आणून ठेवली, आणि दोन्ही वेळा मी ती रागारागानं परत वर नेली. त्या कठोर वाटल्या तरी आतून मऊ होत्या, असं मी लिहिणार नाही. ज्यांनी त्यांना जवळून पाहिलं नाही, ते तसं म्हणतात. त्या आतूनही कठोरच होत्या.

मी राहायला गेले, त्याआधी वर्षभरापूर्वी त्यांचा नवरा गेला होता. बसस्टँडजवळ त्यांचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. नवरा होता तोवर नसीमबाजी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून माल बांधत. गिऱ्हाईक पुढे, त्या पडद्यामागे. बेअरिंग हातात घेऊन फिरवलं की ते नवं आहे की घासून पुसून नव्याच्या डब्यात घातलेलं आहे, हे त्यांना कळे. नवरा गेल्यावर चाळिसाव्या दिवसाचे विधी झाले आणि दुसऱ्या दिवशी त्या पडदा काढून गल्ल्यावर जाऊन बसल्या. धाकटा दीर सलीम त्याच गल्ल्यावर बसायच्या तयारीनं नवा कुर्ता घालून आला होता. तो दाराशीच थांबला. त्याच्या वाट्याला मागच्या खोलीत माल बांधायचं काम आलं आणि तिथून त्या दोघांची लढाई सुरू झाली.

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी त्या मला म्हणाल्या, "चप्पल घाल. गाडी पाहायले जायचं आहे. दुसरी बाई सोबत असली का लोक जरा कमी मूर्खपणा करतात."

कोरपन्याकडे एका सिमेंट कारखान्याच्या वसाहतीत एका मोठ्या साहेबांची बदली झाली होती. त्यांची गाडी विकायची होती. भिवापुरी लाल मिरचीच्या रंगाची, जमिनीला टेकलेली, दोनच दारांची परदेशी बनावटीची गाडी. साहेबांनी ती हौसेनं आणून कित्येक वर्षं पळवली होती. मीटरवर लाखाच्या पुढचे किलोमीटर होते. आमच्या भागात सगळ्यांना डिझेलची जीप हवी. पेट्रोल पिणारी, सुटे भाग न मिळणारी ही गाडी कोण घेणार? साहेबांनी आम्हाला पाहिलं आणि म्हणाले, "घरातल्या कोणा पुरुषमाणसाला पाठवा ना."

"पुरुषमाणूस कबरस्तानात आहे," नसीमबाजी म्हणाल्या. "तिथी पाठवता का गाडी?"

मग त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला. "गरम काऊन आहे?"

"सकाळी जरा बाजारात नेली होती."

"बाजारात नाई नेली. थंड असली का खोकते, म्हणून आमच्यासाठी गरम करून ठेवली. मी बसते. थंड होऊ द्या."

आणि त्या खरोखर व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. आतून चहा आला, तो त्यांनी परत पाठवला. साहेब दोनदा बाहेर डोकावून गेले. ऊन अंगणभर फिरलं, तेव्हा कुठे त्या उठल्या, चावी फिरवली आणि मागच्या नळकांड्यासमोर आपला पांढरा रुमाल धरला. निळसर धूर निघाला. रुमालावर तेलकट डाग पडला. तो रुमाल त्यांनी साहेबांच्या नाकासमोर धरला. "तेल पिते. पण आवाज साफ आहे. इंजिन खोटं बोलत नाई, बोलणारा बाजूले उभा असतो."

गाडी त्यांनी स्वतः चालवून पाहिली. नवरा असताना त्या भल्या सकाळी मोकळ्या मैदानावर चालवायला शिकल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. कापसाच्या बैलबंड्या संपल्या, सरळ रस्ता लागला आणि त्यांनी पाय दाबला. माझी पाठ सीटला चिकटली. मी ओरडले. त्या म्हणाल्या, "तोंड बंद ठेव, मले इंजिनचे टॅपेट ऐकू येऊन नाई राह्यले."

परत आल्यावर त्यांनी गाडीचे दोष सांगायला सुरुवात केली. शॉकअप गेले, क्लच घसरतो, रेडिएटरला आतून गंज. साहेब लाल झाले. "नको असेल तर राहू द्या!"

"नको कोण म्हणते? आज पाह्यले तेवढे दोष तुमचे. उद्या निघतील ते माझे. मी भांडायले परत येणार नाई."

व्यवहार झाला, पण निघताना कोणी कोणाला नमस्कार केला नाही. येताना वाटेत मी न राहवून विचारलं, इतकी जुनी, इतकी खादाड गाडी काऊन घेतली? त्यांनी पुढचा एक ट्रक मागे टाकला. मग म्हणाल्या, "वीस वर्षं मले जीपमध्ये मागं बसवलं. मालाच्या खोक्यायवर. पुढं नवरा आन् दीर. हिच्यात मागं बसायले जागाच नाई."

गाडी घेणं सोपं होतं. ती टिकवणं म्हणजे रोजची मारामारी. चंद्रपूरच्या हवेत कोळशाची भुकटी, कोरपन्याच्या वाटेवर सिमेंटची. दर रविवारी त्या एअर फिल्टर काढून झटकत आणि अंगणातली माझी वाळत घातलेली साडी काळी होई. मी भांडायला खाली गेले की हातात बॅटरी देत, "उभीच आहेस तर इकडं उजेड धर." सुटे भाग नागपूरहून, कधी हैदराबादहून, बसच्या कंडक्टरच्या हाती येत. उन्हाळ्यात रेडिएटर उकळला की त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहून गाडीला अशा शिव्या देत, की ट्रकवाले गाड्या हळू करून ऐकत. मिस्त्री वामनराव त्यांच्या फाटकातून आत यायला घाबरे. इंजिनाचा टायमिंगचा पट्टा अजून चालेल, असं तो एकदा म्हणाला. त्या कडाडल्या, "तुटला का व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील. मंग तू मले तुझं घर देशील का गा?" पट्टा त्यांनी वेळेआधीच बदलून घेतला आणि जुना वामनरावाच्या गळ्यात हारासारखा घातला.

मी एकदा म्हटलं, किती जीव लावता त्या गाडीला! त्यांना ते फार लागलं. "जीव गेला चुलीत. जीव लावून कोणती गाडी चालते? तेलानं चालते. हिच्याशी मी भांडून राह्यली, म्हणून चालून राह्यली."

या गाडीनं दुकान मात्र उभं केलं. गोंडपिपरीत किंवा पार एटापल्लीकडे कोणाचा ट्रक बंद पडला, की निरोप दुकानात येई आणि नसीमबाजी दुपारपर्यंत तो भाग घेऊन हजर. इतरांकडून तोच माल दुसऱ्या दिवशीच्या बसनं जाई. जंगलातल्या रस्त्यावर ती लाल गाडी दिसली की लोक बैल बाजूला घेत. सलीम गावभर सांगत फिरे, की भाभीला गाडीचं भूत लागलं आहे, भावाचं दुकान ती पेट्रोलमध्ये जाळते. शेवटी त्यानं नातेवाईक गोळा केले.

एका शुक्रवारी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. गोंडपिपरीहून सगळ्यांत वडीलधारे मामूजान आले होते. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते, आणि नसीमबाजींनी मला हाकललं नाही. सलीम अगदी नम्र आवाजात बोलला. बाईमाणसानं जंगलात एकटं फिरणं बरं दिसत नाही, दुकान आपण सांभाळू, भाभीला घरात काही कमी पडू देणार नाही. माना डोलल्या. मामूजान म्हणाले, "नसीम, सलीम गलत नाई बोलून राह्यला."

नसीमबाजी उठल्या आणि गाडीकडे गेल्या. आमच्या भागात कोळशाच्या ट्रकांनी रस्ते असे उखडलेले, की चाकांचे नट आपोआप ढिले होत. म्हणून गाडी बाहेर काढण्याआधी त्या चारही चाकांवरून बोटं फिरवत. तशी त्यांनी फिरवली. पुढच्या डाव्या चाकापाशी हात थांबला. त्या तिथे जरा वेळ वाकून राहिल्या. मला वाटलं, रडत आहेत.

परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. गाडीची चावी त्यांनी सलीमसमोर धरली. "सलीम, तुम्हा साऱ्यायचं म्हणणं मले मंजूर. दुकान तुझं, गाडी पण तुझी. मामूजानले थकवा आला आहे. त्यायले आत्ता गोंडपिपरीले सोडून ये. याच गाडीनं."

ही गाडी चालवायला मिळावी म्हणून सलीम कित्येक वर्षं झुरला होता. त्यानं हात पुढे केला नाही. "मी जीपनं सोडतो," तो म्हणाला.

"जीप काऊन? ही घे. लवकर पोचाल."

मामूजान खूश होऊन उठले, काठी टेकत गाडीकडे निघाले आणि त्यांनी डावीकडचं दार उघडलं. सलीम खुर्चीतून ताडकन उठला आणि किंचाळला, "मामू, उस में मत बैठो!"

मामूजान दार धरून उभे होते. ते आधी सलीमकडे पाहत राहिले, मग नसीमबाजींकडे. नसीमबाजींनी डिकीतून पाना काढला, ओढणी खोचली, त्या चाकापाशी बसल्या आणि सगळ्यांसमोर एकेक नट आवळत गेल्या. लोखंडावर लोखंडाचा आवाज तेवढा येत होता. सगळं आवळून झाल्यावर पाना त्यांनी सलीमच्या पायाशी टाकला. "दुकान माझं," त्या म्हणाल्या. "कोणाले काई बोलायचं आहे?"

मामूजान त्या दिवशी बसनं परत गेले.

मी खाली आले आणि म्हटलं, पोलिसात जाऊ. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या खराब बेअरिंगकडे बघत. त्यांनी पोलिसांना सांगितलं नाही, सलीमला दुकानातून काढलंही नाही. "बाहेर सोडला तर कुठी काय ढिलं करंल. इथी डोळ्यासमोर बरा." आणि पुढे रोज सकाळी सलीम अंगणात येऊन, खाली बसून, त्या गाडीच्या चाकांचे नट तपासू लागला. नसीमबाजी चहा पीत बघत उभ्या राहत. त्याला त्यांनी चहा कधी विचारला नाही. वर्षानुवर्षं हे चाललं. मला ते बघवत नसे. मी खिडकी लावून घेई. एकदा मी म्हटलंच, आता पुरे करा. त्या म्हणाल्या, "त्याच्यासाठी माफी मागाले सांगितलं का त्यानं तुले? नाई ना? मंग त्याचं वकीलपत्र तुझ्याकडं काऊन?"

पुढे माझी बदली गडचिरोलीला झाली. निघताना त्या बाहेर आल्या नाहीत. दुकानातला माणूस पाठवून त्यांनी खोलीचं कुलूप तेवढं परत मागवलं.

नंतर काही वर्षांनी त्यांचा फोन आला. आवाज खोल गेला होता. किडन्या गेल्या होत्या, नागपूरला न्यायचं होतं. "सलीम जीप घेऊन उभा आहे," त्या म्हणाल्या, "पण मी त्याच्या गाडीत बसणार नाई. तू ये. चालवता येते ना आता?" मी गाडी शिकून तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

त्या लाल गाडीत मी पहिल्यांदा चालवायला बसले. नसीमबाजी शेजारी, शाल गुंडाळून, अर्ध्या झालेल्या. वरोऱ्यापर्यंत त्या सतत बोलत होत्या. "क्लचवरचा पाय काढ. गिअर आहे तो, कणीक नाई मळून राह्यली तू. ट्रकच्या मागं काऊन राह्यली, नातेवाईक आहे का तुझा?" वरोऱ्यानंतर त्या गप्प झाल्या आणि मला त्या शिव्यांपेक्षा ते जास्त जड गेलं. मी पाय दाबला. गाडी इतक्या वर्षांनीही तशीच सुटली. त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "हं."

दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर एका मुलीनं मला विचारलं, पेशंटचं आणि तुमचं नातं काय? काय सांगणार? स्ट्रेचरवरून उत्तर आलं, "ड्रायव्हर आहे माझी. नवीन आहे. क्लच जाळते."

मुलीनं तसंच लिहून घेतलं. स्ट्रेचर हललं, तेवढ्यात त्यांनी माझी बाही पकडली. मी वाकले.

"गाडी उन्हात लावली तू," त्या म्हणाल्या. "जा, सावलीत लाव."

मी खाली गेले आणि कडुनिंबाखाली जागा शोधून गाडी लावली. वर आले तोवर त्यांना आत नेलं होतं. आतून त्या परत आल्या नाहीत. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.