थोरलीचा चीक

मेंढीपालन केंद्रावर सगळे तिला मावशी म्हणत, मॅनेजरसुद्धा. तोंडाची फटकळ, पण आईनं लाथाडलेलं कोकरू दिसलं की लगेच पाघळायची. मग तिची धाव थोरलीकडे. थोरली म्हणजे कळपातली सगळ्यात दुधाळ मेंढी, रक्त तपासून निरोगी ठरलेली. ती व्यायली की मावशी तिचा पहिला घट्ट चीक काढून ठेवायची, कोमट करायची आणि "या रे भुकेल्यांनो, या" अशी हाक घालत पोरक्या कोकरांना बाटलीनं पाजायची. त्या चिकावर किती जीव तगले, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

यंदाची कोकरं अंगापिंडानं भरली, चरू लागली. तेवढ्यात थोरलीला धाप लागायला लागली. डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं.

"फुफ्फुसाच्या विषाणूच्या अँटिबॉडी सापडल्यात, मावशी."

मावशीचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे लढून जिंकली म्हणा की माझी बाई."

डॉक्टरांना तिच्याकडे बघवेना. "या विषाणूचं तसं नसतं. अँटिबॉडी होतात, पण त्याला मारू शकत नाहीत. तो जन्मभर आत मुक्काम ठोकतो. आणि त्या तयारही फार उशिरा होतात. मागच्या तपासणीच्या वेळी तो आत असणारच, आपल्याला कळलं नाही एवढंच." मग हळूच म्हणाले, "चिकातून तो पिलांत जातो."

मावशीनं चरणाऱ्या कोकरांकडे बघितलं.

"ज्यांना पाजलं ती आज तपासणीत चांगली निघाली तरी भरवसा नाही. कत्तलखान्याला द्यावी लागतील. नाहीतर सगळा कळप जाईल."

आठवत नाही म्हणून सांगावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. खोटंही नव्हतं ते. पाजताना कानातला बिल्ला कोण बघतो? तिनं भूक बघितली होती. पण पलीकडे बाकीचा कळप चरत होता, आणि त्यांचाही जीव तिच्याच पदरात होता.

"ओळखायची कशी?" मॅनेजरनं विचारलं.

"ओळखायला नको. येतील."

ती फाटकात उभी राहिली. दोनदा खाकरून तिनं हाक घातली, "या रे भुकेल्यांनो, या."

आईपाशी वाढलेल्यांनी मानसुद्धा वर केली नाही. तिनं पाजलेली मात्र एकमेकांना ढुशा देत धावत आली. मावशी रडत रडत एकेकाला पलीकडच्या कुंपणात सोडत गेली. शेवटचं कोकरू तिची बोटं चोखत राहिलं, सोडेचना.