दोन सर, दोन बाया आणि अंदमान

एकाच स्टाफरूममध्ये वीस वर्षं काढली की किस्से आपोआप साचत जातात. परीक्षेचे, गॅदरिंगचे, इन्स्पेक्शनचे; कुठला कुठल्या वर्षीचा तेही आठवत नाही. अंदमानचे मात्र मी वेगळे ठेवले आहेत. बाकीचे सांगताना मला हसू येतं, हे सांगताना अजूनही राग येतो.

लाखनीच्या हायस्कूलमध्ये मी सायन्स शिकवायची. गोष्ट ऐंशीनंतरची. समुद्रातलं प्रवाळ मी दरवर्षी फळ्यावर काढायची आणि समुद्र मात्र कधी पाहिलेला नव्हता. शेवटी मीच पत्रं लिहिली, जहाजाची चौकशी केली, तिथल्या एका राखीव बेटावर जायचा परवाना मागवला. सुट्टी लागल्या लागल्या चौघं निघालो: हेडमास्तर कापगते सर, पीटीचे लांजेवार सर, मराठीच्या हटवारबाई आणि मी. हटवारबाई सानगडीच्या, घरी धानाची शेती. बोलायच्या कमी.

* * *

मद्रासहून जहाज सुटलं तशी कापगते सरांनी डेकवरच्या लोकांना आमची ओळख करून दिली. "ये लांजेवार सर, जंगल के बड़े जानकार. और ये दो मॅडम साथ में हैं."

साथ में! सगळी पत्रं मी लिहिलेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाईसारख्या निळ्या पाण्यातून डॉल्फिन उसळले. लोक कठड्याशी धावले आणि विचारायला लागले, ये क्या है? अर्थात लांजेवार सरांना.

"मरळ," सर म्हणाले. "हमारे तालाब में इससे बड़ी निकलती है."

मी म्हटलं, "सर, हा मासाच नाही. हा फुप्फुसानं श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो."

"बाई," सर म्हणाले, "सुट्टी लागली हाय. शिकवणं बंद करा आता."

लोक हसले आणि पुढचा प्रश्नही त्यांनाच विचारला.

* * *

बेटावर उतरलो तो विश्रामगृहाच्या मागे नारळी, समोर समुद्र, आणि झाडांवर पोपटांचे थवेच्या थवे. मी बॅगसुद्धा उघडली नव्हती, तोवर कापगते सरांनी त्यांची पिशवी उघडली. आत तांदूळ. लाखनीहून इतक्या लांब आणलेला.

"इथला भात आपल्याले जमनार नाही," सर म्हणाले. "तुम्ही दोघी आहातच."

पहिले दोन दिवस दोघं सर सकाळी पक्षी पाहायला गेले आणि आम्ही दोघी स्टोव्हपुढे. "तुम्ही काय पाहाल तिथं," जाता जाता लांजेवार सर म्हणायचे, "नुसती झाडंच त हायेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परतले तेव्हा पातेलं स्टोव्हवर चढलेलंच नव्हतं. हटवारबाई खिडकीत खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"बाई, भात?"

"नाही झाला," त्या म्हणाल्या. "झाडं पाहून राहिली होती."

* * *

किनाऱ्यावर लांजेवार सरांनी टॉवेलभर शंख गोळा केले. मी सांगितलं, "सर, राहू द्या. यात खेकडे राहतात."

"शंखात कायचा खेकडा?"

टॉवेल त्यांनी खोलीत कोपऱ्यात ठेवला. सकाळी कापगते सरांची हाक ऐकून आम्ही गेलो, तर सर खाटेवर उभे आणि खाली फरशीभर शंख चालत होते. एक सरांच्या धोतरात होता.

मी एकेक उचलून बादलीत टाकला आणि पाण्याच्या कडेला नेऊन सोडला. परत आले तर कापगते सर माझीच वाट पाहत होते.

"बाई, तुम्ही सायन्सच्या ना? आधी सांगावं ना."

* * *

राखीव बेटाच्या परवान्याचा दिवस आला. धक्क्यावर छोटी होडी होती. वनरक्षक म्हणाला, त्याच्याशिवाय आणखी दोघंच बसतील, आणि हवामान बघता फेरी आज एकच.

परवाना माझ्या नावावर होता. तो माझ्या हातात होता. कापगते सरांनी तो हातातून घेतला, घडी घातली आणि होडीत पाय टाकला. लांजेवार सर मागोमाग.

"तुम्हाले होडी लागंल, बाई," कापगते सर म्हणाले. "आम्ही येऊन सांगतो सगळं."

मी काही बोलले नाही. त्याचाच मला जास्त राग आहे. होडी दिसेनाशी होईपर्यंत मी तिथे नुसती उभी राहिले.

हटवारबाई तोवर धक्क्याच्या टोकाला गेल्या होत्या. तिथे एक बंगाली बाई आपल्या डोंगीत सामान भरत होती. हटवारबाईंना सामानात धानाचं पोतं दिसलं होतं.

"रोवना कब करते तुम्हारे इधर?" त्यांनी विचारलं.

त्या दोघी रोवणीवरून कापणीवर गेल्या, कापणीवरून मळणीवर. मग ती बाई म्हणाली, "चलो, मेरा खेत देखो. खाड़ी के उस पार है."

आम्ही बसलो. दोन्ही बाजूंनी पाण्यात मुळं रोवून उभी असलेली झाडं. चिखलावर बोटाएवढे मासे परांवर सरपटत होते, आणि एक मासा मुळावर चढून डोळे वटारून आमच्याकडे पाहत होता. पुस्तकात त्याच्यावर एक ओळ आहे. हटवारबाईंनी साडी खोचली आणि सरळ गुडघाभर चिखलात उतरल्या. मीही उतरले.

त्या बाईचं घर किनाऱ्यालगत होतं. ओहोटी लागली होती, घोट्याएवढं पाणी. ती म्हणाली, "इधर पैर मत रखना, ज़िंदा है." मी खाली पाहिलं. जांभळं, हिरवं, हळदीसारखं पिवळं. पंधरा वर्षं मी प्रवाळ पांढऱ्या खडूनं काढत होते. मी तिथेच वाळूत बसून रडले. त्या दोघींनी मला रडू दिलं.

संध्याकाळी सर परतले. मी विचारलं, काय पाहिलं?

"पाणी लय हाय," कापगते सर म्हणाले. "तळाले गोटे हायेत."

* * *

शाळा उघडली. संस्थेला सहलीचा अहवाल द्यायचा होता. कापगते सरांनी चार पानं लिहून चौघांच्या सह्यांसाठी स्टाफरूममध्ये पाठवली. पानोपानी 'आम्ही उभयतांनी निरीक्षण केले' होतं. शेवटी एक वाक्य: 'महिला शिक्षिकांनी विश्रामगृहात विश्रांती घेतली.'

मी सही करणार नाही असं सांगायला उठले. हटवारबाईंनी पानं माझ्या हातून घेतली. सावकाश वाचली. पर्समधून लाल पेन काढलं, ते शेवटचं वाक्य अधोरेखित केलं आणि समासात लिहिलं, 'पुन्हा लिहा.'

खाली सही केली, तारीख टाकली, पानं हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली आणि आठवीच्या तासाला गेल्या.

दुसऱ्या दिवशी शिपायानं नवा अहवाल आणून दिला. पाच पानांचा. विश्रांतीचं वाक्य गेलं होतं आणि पाचवं पान आमच्यासाठी कोरं सोडलं होतं.