रोह्याला ठेवलेलं प्रस्थान

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी परदेशी जायला निघालो आणि रोह्याला पोचलो. हसा, हसा! पेणहून विमानतळ उत्तरेला आणि रोहा दक्षिणेला, हे आमच्या शाळेतल्या पोरांनाही माहीत. आणि मी तर कॉलेज संपवून, केमिकलचा डिप्लोमा काखोटीला मारून, मस्कतला नोकरीला निघालेला शहाणा!

सगळा घोळ अमावास्येचा. कंपनीने तिकीट पाठवलं ते नेमकं अवसेचं. आमच्या घरात अवसेला कोणी भेंडीचं बी पेरत नाही, तिथे आई मला समुद्रापार पाठवते होय? पण नोकरीही सोडवेना. मग तिने तोड काढली, प्रस्थान ठेवायचं. म्हणजे काय, तर आधीच चांगला दिवस बघून प्रवासाची एक पिशवी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. माणूस त्याच दिवशी निघाला, असं धरायचं. मग खुशाल अवसेला विमानात बसा.

पिशवी ठेवायची कुठे? तर रोह्याला, शांतामावशीकडे.

"आये, रोहा उलट्या दिशेला हाय गो."

"इमान वरनं जातं. त्याला कसली आलीय उलटी नि सुलटी?"

डिप्लोमावाला पिशवी झटकायला उठला.

मावशी पिशवी न्यायला आली. पिशवीत नारळ, सुपारी, हळदकुंकू आणि एक नवा शर्ट. आई म्हणाली, "आनि तुझं ज्याच्याबिगर अडंल असं कायतरी तुझ्या हातानं ठेव." माझं कशावाचून अडणार होतं, तुम्हीच सांगा? मी शर्टाच्या घडीत पासपोर्ट ठेवला! आईने पिशवीची गाठ मारली, काहीतरी आठवल्यासारखी सोडली, पुन्हा मारली. निघायच्या सकाळी मावशीने ती पिशवी परत घेऊन यायचं, असं ठरलं.

तो दिवस उजाडला. अख्खी आळी दारात! आम्ही खाडीकाठची, मिठागरात राबणारी माणसं. आमच्यातून परदेशी जाणारा मी पहिलाच. गळ्यात झेंडूचे एवढे हार की मान वळेना. शेजारच्या मूर्तींच्या कारखान्यातल्या काकांनी गवतात गुंडाळून ओंजळीएवढा गणपती दिला. कोणी पोह्याचे पापड दिले, कोणी सल्ले दिले. त्या गडबडीत आईने एक नवा बनियन हातात कोंबला आणि कानाशी काहीतरी पुटपुटत राहिली. मी फोटोवाल्याकडे बघत "व्हय व्हय" करत होतो. घाल म्हणाली, घातला. छातीशी काहीतरी कडक लागत होतं. म्हटलं, नव्या कापडाची खळ असेल.

आईने तळहातावर दही घातलं. डोळे मात्र कोरडे ठाक! खरं सांगू? मला रागच आला. एकुलता एक पोरगा चाललाय, आणि हिच्या डोळ्यांत टिपूस नाही?

मावशी आलीच नाही. "तिचं गुडघं धरलं असंल," आई म्हणाली. हारतुऱ्यांच्या नादात पिशवी माझ्या डोक्यातून साफ गेली.

माझा दोस्त बंड्या त्याच्या जीपने मला सोडणार होता. पेण मागे टाकून जिते गाव आलं तसं त्याने सहज विचारलं, "पासपोर्ट घेतलास ना?"

माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. "बंड्या, जीप वळव. रोह्याला!"

मोबाइल तेव्हा कोणाच्या खिशात नव्हते आणि मावशीकडे फोन नव्हता. वाटेत, पुन्हा पेणमधून जाताना, रामवाडीच्या नाक्यावर मला निरोप देऊन आलेली आळीतली पोरं चहा पीत बसलेली. आता यांना तोंड कसं दाखवू? मी सीटच्या खाली आडवा झालो.

"बंड्या, पोचवलास पन?" एकाने ओरडून विचारलं.

"पोचवला!"

"एवढ्यात? इमान काय जित्याला आलं व्हतं?"

बंड्याने जीप दामटली. पण माझ्या गळ्यातला हार दाराबाहेर लोंबत होता. पोरांनी तो बघितला, जीप रोह्याच्या रस्त्याला लागलेली बघितली, आणि ती थेट आमच्या घराकडे पळाली.

रोह्याला मावशी दारात तांदूळ पाखडत होती. मला बघून सूप हातातून सुटलं. "आलास? नाय गेलास ना? मला वाटलंच व्हतं!" माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि धावत जाऊन चुलीवर आधण ठेवलं.

"मावशी, पिशवी!"

"जेव आदी."

मी देवाजवळची पिशवी ओढली. नारळ निघाला, सुपारी निघाली. शर्ट झटकला, उलटा केला, पुन्हा झटकला. पासपोर्ट नाही! मग मी मावशीचं घर उपसलं. मडकी, गोधड्या, तांदळाचा डबा. विमान सुटलं तर नोकरी गेली, आणि त्या आळीत पुन्हा पाऊल कसं टाकायचं? डोकंच फिरलं माझं.

"मावशी, तूच लपवलास. मी जाऊ नये म्हणून. आज आली नाहीस तीही म्हणूनच!"

मावशी मटकन खाली बसली. "आज नाय आले ती खरंच म्हनून. तुला जाताना बघवलं नसतं मला. पन मी तुझ्या वाटेत आड येईन व्हय रे?" आणि ती रडायला लागली. तिला बघून मी रडायला लागलो. दारात उभा बंड्या माझ्याच हाराने नाक पुसत होता.

एवढ्यात बाहेर मिठाचा टेम्पो थांबला. मागे अर्धी आळी उभी, आणि पुढून उतरली आई!

"भ्यालास? परत आलास? तुझा पाय अडू नये म्हनून मी आतल्या आत गिळलं रे सगळं, आनि तू..."

"आये, पासपोर्ट! पिशवीत ठेवलेला. मावशीने..."

आई थबकली. जवळ आली. अख्ख्या आळीसमोर तिने माझ्या शर्टाची बटणं काढली आणि बनियनला आतून शिवलेल्या चोरखिशात हात घातला. पासपोर्ट! जित्याला जाऊन आलेला, रोह्याला पोचलेला, माझ्याच घामाने भिजलेला.

"तवाच काढून घेतला व्हता पिशवीतनं. परस्थानात असलं ठेवतात व्हय? सकाळी सांगितलं तर 'व्हय व्हय' बोललास!"

आधी मावशी हसली. मग आळी हसली. मग आई हसली, आणि हसता हसता घळाघळा रडली. सकाळपासूनचं सगळं. मी दोघींच्या पायांवर डोकं ठेवलं. मावशीने अर्धाकच्चा भात दोन घास भरवल्याशिवाय सोडलं नाही, आणि पिशवी पोटाशी धरून स्वतःच जीपमध्ये चढली. विमान रात्रीचं होतं म्हणून गावलं.

पुढे वर्षानुवर्षं सुट्टीवर येत गेलो, परत जात गेलो. अवस असो नसो, दर वेळी आमचं प्रस्थान रोह्याला ठेवलं जातं. फक्त पद्धत बदललीय. पासपोर्ट, तिकीट, बॅगा सगळं पेणला आईजवळ राहतं, आणि मावशीकडे आधी नेऊन ठेवतात ते मला.

"सामान नाय हरवत ह्याचं," आई तिला बजावून सांगते, "हा येडाच हरवतो. नीट संभाळून ठेव गो ताये, आनि निघताना दे आनून."